थोडं डावीकडे

"धर रे नारू, शिडी नीट धर! सरकारी माणूस पडला तर तुझ्याच माथी येणार," असं म्हणत गोविंदराव मनोऱ्याच्या शेवटच्या पायरीवरून वर आले आणि धापा टाकत चर्चच्या घंटेला टेकून बसले. घंटा बारीकशी वाजली. खाली आवारात बोंबील वाळत घालणाऱ्या मालूने, नारूच्या बायकोने, वर पाहिलं. ही काही उपासनेची वेळ नव्हती.

"टेकू नका साहेब," नारू म्हणाला. "लोक जमतील."

गोविंदराव सर्व्हेखात्यातले मोठे अधिकारी. किनाऱ्याची मापं नव्याने घ्यायला ते डहाणूला आले होते. लांबून दिसणारी आणि जागची न हलणारी एखादी खूण त्यांना लागायची, आणि त्या बाबतीत चर्चवरचा क्रूस त्यांच्या पसंतीस उतरला होता. नारू तिथला सेवेकरी. घंटा वाजवायची, झाडलोट करायची आणि कोणी गेलं तर खड्डा खणायचा, ही त्याची कामं. आज त्यात सरकारला वर चढवण्याची भर पडली होती.

गोविंदरावांनी रुमालाने मान पुसली आणि चिखले गावाच्या बाजूच्या समुद्राकडे बघून ते एकदम हसत सुटले.

"तिकडे एक वाळूचा दांडा होता बघ. बावन्न साली पावसाळ्यात नवाच तयार झालेला. पुढच्या वर्षी गेला वाहून. मी तेव्हा नोकरीत नवा. पहाटे मला त्या दांड्यावर उभं केलं, हातात मापाची उंच काठी दिली. घोट्याएवढं पाणी, भोवती मधूनच उघडणारं धुकं. तेवढ्यात लांबून एक होडी आली आणि तिच्यातला एक माणूस मला बघून धाडकन गुडघ्यावर! हात जोडून! किनाऱ्यावर आमचा जोडीदार दुर्बीण लावून बसला होता, त्याने हे सगळं दुर्बिणीतून पाहिलं. हसून हसून त्याची तिवई पडली, त्या दिवसाची मापं सगळी चुकली."

नारूने शिडीचं टोक धरून ठेवलं होतं. आता त्यावर कोणीच नव्हतं, तरी त्याने ते सोडलं नाही.

"कपडे पांढरे होते?" त्याने विचारलं.

"खात्याचेच. पांढरेच असायचे."

"आणि हात कशाला केलात?"

"कोणता हात?"

"होडीकडं. असा." नारूने उजवा हात खांद्याच्या वर नेऊन हळूच आपल्याकडे ओढला.

"अगदी अस्साच! पण होडीकडे कोण करतंय? किनाऱ्यावरच्या जोडीदाराला केला. त्याचा अर्थ, दुर्बीण थोडी डावीकडे घे. तुला कसं ठाऊक?"

"मासेवाल्यांत बोलतात," नारू म्हणाला. "उतरा आता, ऊन चढतंय."

नारू बावन्न साली चिखल्याचा तरणा तांडेल, होडीचा म्होरक्या, होता. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत त्याने पाण्यावर उभा असलेला पांढरा माणूस पाहिला, तेव्हा बाकीचे खलाशी खाली वाकून जाळं सोडवत होते. ते उठून बघेपर्यंत धुकं मिटलं होतं. नारूला मात्र शंका नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, माशाचा काटा रुतलेला हात शिवून घ्यायला तो मिशनच्या दवाखान्यात बसला होता, आणि समोरच्या भिंतीवर तेच चित्र होतं. वादळ, होडी, भ्यालेले कोळी आणि पाण्यावरून चालत येणारा प्रभू. चित्रातलं शीड उलटं बांधलंय, हेही त्याने तेव्हाच नर्सबाईला सांगितलं होतं. हातातली काठी, पांढरे कपडे, बोलावणारा हात. आणखी काय पाहिजे माणसाला?

त्या हातामागे तो गेला. बाप्तिस्मा झाला तशी होडीतली पाती, म्हणजे मासळीतला वाटा, गेली, मग घर गेलं. गावात त्याला 'पाण्यावरचा नारू' म्हणू लागले. मालूच्या भावाने तिला सांगितलं, तू ये, पण त्याला दाराबाहेर ठेवून ये. मालू गेलीच नाही. तिने पाण्यावर काही पाहिलं नव्हतं. तिने त्या दिवशी घरी येणाऱ्या नारूचा चेहरा पाहिला होता, आणि तेवढ्यावर ती त्याच्यामागून गेली.

मग जानी झाली. आणि चार वर्षांची होऊन तापाने गेली. तिचा खड्डा नारूनेच खणला, कारण ते काम त्याचंच होतं. मालू तीन दिवस जेवेना. तेव्हा तो तिला म्हणाला होता, "ज्याने मला हात केला ना, त्यानेच तिला उचलून घेतलंय. मी पाहिलेला आहे तो. चांगला माणूस आहे." मग मालूने भाताचा घास घेतला होता. त्यानंतरची सगळी वर्षं ती त्या एका वाक्यावर जेवत होती.

शनिवारी संध्याकाळी नारू पाळकांकडे गेला. पाळक सदानंद दाढीला साबण लावून आरशासमोर उभे होते. दुसऱ्या दिवशी वर्षाची साक्षीची सभा होती. तलासरीपासून लोक यायचे आणि दरवर्षी सगळ्यात शेवटी नारू उठून पाण्यावर दिसलेल्या प्रभूची साक्ष द्यायचा.

नारूने सगळं सांगितलं. साबण वाळून पाळकांच्या गालावर त्याचे पापुद्रे झाले.

"देव सर्व्हेवाल्याकडूनही बोलावू शकतो, नारू," शेवटी ते म्हणाले.

"बोलावलंच नाय, पाळकसाहेब. थोडं डावीकडं घे, एवढंच म्हणाला. आणि मी बारा वर्षं सरळ चाललोय."

"असं कसं? पवित्र शास्त्र आहे ना. त्यात सगळं लिहिलेलं आहे."

"ते तुमी वाचता. मला अक्षर येत नाय. माझ्याकडं आपलं ते एकच होतं, आणि त्याला सरकार पगार देत होतं."

पाळक खुर्चीवर बसले. अर्धी दाढी तशीच.

"तुला एक सांगू?" ते म्हणाले. "मला आयुष्यात कधी काही दिसलं नाही. माझे वडील पाळक होते, म्हणून मी पाळक. पुस्तक वाचतो, पण काही रात्री ते नुसतं पुस्तकच असतं. मग पहाटे तू घंटा वाजवतोस. मी खिडकीतून तुझ्याकडे बघतो आणि मनाशी म्हणतो, असू दे, याने तर डोळ्यांनी पाहिलंय."



"आणि मी म्हणायचो," नारू म्हणाला, "पाळक शिकलेले. मी पाहिलेलं त्यांनी तपासून घेतलंच असेल."

बाहेर चिकूच्या बागेत वटवाघळं भांडत होती.

"उद्या काय करू?" नारूने विचारलं. "नाय बोललो तर चालेल?"

"तलासरीची माणसं तुझ्यासाठीच येतात. माझ्या प्रवचनात झोपतात ती."

"मग खरं सांगू?"

पाळकांनी आरशात पाहिलं. "मी तुला खोटं सांग असं कसं म्हणू? फक्त मालूला आधी सांग."

नारू घरी गेला. मालू उद्याच्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पाळकांनी काय सांगितलं?" तो म्हणाला, "लौकर उठ म्हणून." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

रविवारी चर्च भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. नारू उभा राहिला आणि ज्या सुरात दरवर्षी सांगायचा त्याच सुरात बोलू लागला, कारण दुसरा सूर त्याला येत नव्हता.

"बंधूंनो, बहिणींनो. मी पाण्यावर जो माणूस पाहिला तो प्रभू नव्हता. सर्व्हेखात्याचा माणूस होता. वाळूच्या दांड्यावर उभा होता. त्याने हात केला तो मला नाय केला. मी फुकट गुडघ्यावर बसलो. एवढंच आहे."

तो खाली बसला. मग तलासरीचा म्हातारा भिका डोळे पुसत उठला.

"ऐकलंत?" तो गदगदून म्हणाला. "सर्व्हेवाला! अरे, सगळ्या जगाची मापं घेणारा दुसरा कोण? ह्या माणसाला देवाने परत दर्शन दिलं!"

"तसं नाय, भिकादादा," नारू अर्धवट उठत म्हणाला.

"आणि नम्रता बघा! म्हणतो, मला हात केलाच नाय! आमेन!"

"आमेन!" मंडळी गरजली. कोणीतरी ढोलकी घेतली. नारू तीनदा "अहो, खरंच तसं नाय" म्हणाला, आणि दर वेळेला आमेन मोठं होत गेलं. एका बाईने आपलं तान्हं पोर त्याच्यापुढे धरलं, डोक्यावर हात ठेव म्हणून. त्याने ठेवला. पोर रडलं. पाळक सदानंद वेदीपाशी नुसते उभे होते. त्यांना इतकं मोठं आमेन कधी मिळालं नव्हतं.

पाळक सोडले तर सगळ्या चर्चमध्ये नारूचं बोलणं एकटीलाच कळलं होतं. बायकांच्या रांगेतून मालू उठली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली.

जेवणं उरकून तलासरीची माणसं बसने परत गेली, तेव्हा उन्हं कलली होती. मालू खाडीकडच्या कबरस्तानात, जानीच्या मातीशेजारी बसली होती. नारू दोन हात लांब उभा राहिला.

"खरं का?" तिने वळून न बघता विचारलं.

"खरं."

"मला आधी नाय सांगितलंत."

"तोंड उघडेना."

"म्हंजे माझ्या जानीला सर्व्हेवाल्याने उचललं?"

मालूच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू असावं असं नारूला आधी वाटलं. ते हसू नव्हतं.

खाडीत ओहोटी लागली होती आणि चिखलावर बगळे उतरत होते.

"मग कुणी होतं तरी का तिथं?" मालू म्हणाली. "मला ती गेली त्या रात्रीचं काय आठवत नाय. मी तिचे पाय धरून होते. तुमी जागे होता. कोण आलं होतं? पाहिलेलं सांगा. वरचं काय घालू नका."

नारूने आठवून बघितलं. या वेळी तो घाईत नव्हता.

"चिखल्याहून कोणी नाय आलं," तो म्हणाला. "कासाहून बायजी नर्स आली. बस नव्हती, चालत आली. चपला हातात होत्या. तिने जानीला मांडीवर घेतलं ते सकाळपर्यंत खाली ठेवलं नाय. मधे तिचा पाय बधिर झाला तर पाय बदलला, पण पोर नाय ठेवली. आणि पाळक होते. दारात बसले होते. त्यांना रडता येत नव्हतं, प्रार्थनाही येत नव्हती. दोनदा सुरू केली आणि थांबले. मग ते कंदिलाची काच पुसत बसले. काजळी गेली तरी पुसत होते."

"आणखी?"

"जानीने एकदा डोळे उघडले. बायजीकडं बघितलं. पाणी मागितलं. बायजीने बोट भिजवून ओठाला लावलं."

"घेतलं तिने?"

"घेतलं."

"आणि मग?"

"मग कोणी घरी नाय गेलं. मी खड्डा खणत होतो तेव्हा पण उभेच होते दोघं. पाळकांनी फावडं मागितलं, मी नाय दिलं."

मालूने पदराने तोंड पुसलं. "एवढंच पाहिलंत?"

"एवढंच."

"पाण्यावर नाय, आभाळात नाय."

"नाय."

ती जानीच्या मातीवरचं गवत बघत राहिली. नंतर दोन्ही हातांनी साडी गोळा करून ती बसल्या जागी थोडी सरकली, बाजूला एका माणसापुरती जागा झाली.