भाजीमागचा आरसा

मी आरसा बोलतोय. पण भांग पाडायला माझ्यासमोर येऊ नका. मी भाजीचा आरसा आहे. एका मोठ्या किराणा दुकानात, फळं-भाज्यांच्या मांडणीमागे मला जरा पुढे झुकवून बसवलंय. त्यामुळे मला माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात.

कारखान्यात एकाच काचेतून आम्ही तिघे कापले गेलो. एक भाऊ कुणाच्या कपाटाला लागला, दुसरा न्हाव्याकडे गेला. मला इथे का लावलं, ते पहिल्याच दिवशी कळलं. मालकांनी अर्धा ट्रे टोमॅटो ओतले, दोन पावलं मागे सरले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! भरलेला दिसतोय." म्हणजे माझं कामच मुळी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचं. अशाचा दुसऱ्या कुणावर विश्वास बसणार तरी कसा?

आणि माणसंही काही कमी नाहीत. भेंडीचं टोक मोडून बघतात आणि ती भेंडी गुपचूप ढिगाखाली सारतात. दुधीला नख लावून बघतात आणि पुढचा दुधी उचलून म्हणतात, "शी, याला कुणीतरी नख लावलंय!" एक गृहस्थ द्राक्षं चाखून बघता बघता अर्धा घोस संपवतात आणि घेतात मात्र कांदे.

पण माझी खरी नजर होती एका सासू-सुनेवर.

दर बुधवारी सकाळी दोघी यायच्या. सासूबाई पुढे, सून बास्केट घेऊन मागे. सासूबाईंचं एकच पालुपद, "बघून घे गं, बघून! तुम्हाला घाईच फार." स्वतः मात्र प्रत्येक वांगं नाकाशी न्यायच्या, अंगठ्याने दाबायच्या, देठापासून खालपर्यंत बोटं फिरवायच्या. इतका संशयी स्वभाव मी माझ्याशिवाय कुणाचा पाहिला नव्हता. मला त्या फार आवडायच्या.

एकदा मुलगाही सोबत आला होता. "आई, कशाला ही दगदग? भाजी घरपोच मागवू," म्हणाला. त्या ताडकन म्हणाल्या, "माझा बुधवार तेवढा माझ्याकडे राहू दे."

सून मला पटत नव्हती. सासूबाईंची पाठ वळली, की त्यांनी टाकलेलं वांगं ती बास्केटमधून हळूच काढायची आणि दुसरंच ठेवायची. मला तर ते पहिलं वांगं छान चकचकीत दिसायचं! शंकेची पाल चुकचुकली. चांगली भाजी बदलायची, घरी खराब निघाली की 'आईंना आता निवडता येत नाही' म्हणायचं आणि त्यांचा बुधवार बंद करायचा. डाव मी ओळखला होता.

मागच्या बुधवारी टोमॅटोचा ट्रे अर्धाच होता. "मागचे घेते, मागचे ताजे असतात," म्हणत सासूबाई वाकल्या आणि त्यांनी हात लांब केला. बोटं माझ्यावर आपटली. टक. त्यांनी हात थोडा बाजूला नेला. पुन्हा टक.

मग हात तिथेच थांबला. त्यांचा चेहरा मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला. डोळे माझ्याकडे होते, पण बघत होते चौकटीबाहेर कुठेतरी.

"काच आहे होय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सून पुढे सरकली. मला वाटलं, सापडली हिला आयती संधी.

"तू कधीपासून बदलतेस?" सासूबाईंनी विचारलं. "बास्केट हलते. कळतं मला."

"झाले दोन-तीन महिने." सुनेच्या हातात बास्केटमधून काढलेलं वांगं होतं. ते ठेवताना त्याची दुसरी बाजू माझ्याकडे वळली. तिथे किडीचं भोक होतं. मी आधीच झुकलेला, आता तोंडावर आपटलो.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. कळलं तर ते तुम्हाला येऊ देणार नाहीत."

"मग यायचं तरी कशाला? बघून घेता येत नाही मला."

सुनेने एक खरबूज उचलून त्यांच्या हातात दिलं. "आई, मागचं मी आणलेलं आठवतंय ना? नुसतं पांढरं आणि पचपचीत! तुम्ही वास घेऊन बघा. डाग मी बघते."

सासूबाईंनी एक हुंगलं, बाजूला ठेवलं. दुसरंही ठेवलं. तिसऱ्याला थांबल्या. "हे घे."

"आणि टोमॅटो? दाबून बघता?"

"कुठले? काचेतले?"

दोघी इतक्या हसल्या, की द्राक्षवाले गृहस्थही चाखायचे थांबले. मला मात्र लाज वाटली. माणसं वास घेऊन बघतात, हात लावून बघतात. मी जन्मभर नुसताच बघत आलो आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

माझा संशय गेलाय असं समजू नका. गृहस्थांवर लक्ष आहेच. पण आता मालक ओलं फडकं घेऊन माझ्याकडे येताहेत. मालक, सगळी काच पुसा, पण खालचा तो कोपरा सोडा. तिथे सासूबाईंच्या बोटांचे ठसे आहेत. माझ्यात रोज इतके टोमॅटो दिसतात, त्यातला एकही खरा नसतो. ते ठसे तेवढे खरे आहेत.