आत्याला कळलेली व्याजस्तुती

माझी आत्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. माणसाच्या आतलं हाडन्‌हाड तिला दिसायचं. बोलण्याच्या आतलं मात्र काही म्हणजे काही दिसायचं नाही. निवृत्त झाल्यावर ती वाचनालयातल्या कवितेच्या वर्गाला जाऊ लागली आणि आमची पंचाईत झाली. आई म्हणाली, "भुकेने जीव चाललाय," की आत्या लगेच, "अतिशयोक्ती!" बाबा पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत. "आज हे घड्याळ रुसलंय," असं ते पुटपुटले, की आतून आवाज, "चेतनगुणोक्ती!"

एका संध्याकाळी मात्र ती वर्गातून तडक आमच्याकडे आली, ती घुश्शातच.

"वहिनी, आज व्याजस्तुती शिकवली."

"व्याज म्हणजे बँकेतलं का हो?" आईने विचारलं.

"व्याज म्हणजे सोंग. वरून स्तुती, आतून निंदा. मी दर हिवाळ्यात बाळ्याला स्वेटर विणते. त्यावर तुम्ही काय म्हणता?"

बाळ्या म्हणजे माझे बाबा. आई साळसूदपणे म्हणाली, "हेच, की वन्संचे स्वेटर आम्ही इतके जपतो, इतके जपतो, की अजून एकाचीही घडी मोडलेली नाही."

"आणि मी खुळी, खूश होऊन पुढच्या वर्षीची लोकर आणते!"

बाबांनी भिंग डोळ्याला लावून कामात असल्याचं दाखवलं. "ताई, मला स्वेटरमध्ये उकडतं गं," ते म्हणाले. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"ही व्याजोक्ती. खरं कारण लपवून भलतंच पुढे करायचं. कुणीतरी खरं बोला की!"

"बरं, बोलते," आई म्हणाली. "बाह्या गुडघ्यापर्यंत येतात."

"अतिशयोक्ती!"

आईने कपाटातून एक स्वेटर काढून बाबांच्या अंगात चढवला. बाबा चणीने लहान. त्यांनी हात खाली सोडले. बाह्या खरंच गुडघ्यांना टेकल्या.

"स्वभावोक्ती," आत्या हळूच म्हणाली. "जसं आहे तसं वर्णन."

आम्ही सगळे खो खो हसलो. आत्याही हसली. मग बाहीचं टोक हातात धरून ती ते निरखू लागली.

"हे आमच्या ह्यांचं माप," ती म्हणाली. आत्याचे यजमान चांगले उंचेपुरे होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "सुया हातात घेतल्या की तेवढेच टाके पडतात. माझ्या लक्षातच आलं नाही."

आईने बाबांच्या अंगातला स्वेटर काढला, झटकला आणि आत्याला घातला.

"हा तुमच्याकडेच राहू दे. तुम्हाला शोभतोय."

"ही कुठली स्तुती?" आत्याने संशयाने विचारलं.

"साधी हो, वन्सं. तिला काही नाव असेल तर तुम्हीच विचारून या."

दुसऱ्या दिवसापासून दोघी बाकीचे स्वेटर उसवायला बसल्या. आई टेप घेऊन मापं सांगत होती, आत्या लिहून घेत होती, आणि दोघींच्या मधे बाबा दोन्ही हात पसरून निमूट उभे होते.