रिलिव्हर आल्याशिवाय

जुन्या हॉस्पिटलात एक नियम काटेकोर पाळला जाई: रिलिव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. पुढच्या पाळीची बाई समोर उभी राहीपर्यंत पेशंट माझे. नियम बरोबरच होता. आजारी माणसाला असं टाकून जायचं नसतं. पण रिलिव्हर कुणाला वेळेवर मिळणार, हे वॉर्डच्या इन्चार्ज वैजयंती सिस्टर ठरवत. उलट बोलणारीची रिलिव्हर दुसऱ्या वॉर्डात पाठवली जाई. मी राजीनामा दिला, तेव्हापासून माझी रिलिव्हर रोजच तिकडे जाऊ लागली.

राजीनामा आईच्या आग्रहानं दिला होता. घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत ती उशांना टेकून बसलेली असे. हृदय थकलं होतं, दोन वाक्यांत दम लागे. "तिथनं येतेस तेव्हा तुझं तोंड बघवत नाही," ती म्हणायची. करंजाड्याच्या वृद्धाश्रमातून मला नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा शेजारच्या मालतीबाईंना तिनं दारातच थांबवलं. "आता आमची क्रांती वेळेवर घरी येणार. संध्याकाळचा चहा तिच्या हातचा."

नोटिशीचे थोडे दिवस उरले होते. दुपारी, माझी पाळी संपली तेव्हाच, मालतीबाईंचा फोन आला. "आईचं बरं नाही गं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय. सारखी तुला विचारतेय. निघ."

मी वैजयंती सिस्टरांकडे गेले.

"रिलिव्हर येऊ दे, मग जा."

"तिला तुम्हीच वरच्या वॉर्डात पाठवलंय. बोलवा ना."

"तुला आता कायमचं जायचंच आहे. एवढी काय घाई?"

माझ्याकडे नाकात नळी घातलेले दोन आजोबा होते. मी त्यांची कूस बदलली. तोंडं पुसली. रिलिव्हर खाली आली तेव्हा उन्हं उतरली होती.

आई अ‍ॅम्ब्युलन्समध्येच गेली. हात मालतीबाईंनी धरला होता, असं त्यांनीच सांगितलं.

करंजाड्यात पहिल्या दिवशी तिथल्या इन्चार्ज मनाली सिस्टरांनी मला बसायला खुर्ची दिली. जेवणाची सुट्टी जेवायलाच असते, म्हणाल्या. मग विचारलं, "घरी कुणी आजारी, म्हातारं? असेल तर सांगून ठेवा. फोन आला की जायचं. तुमच्या जागी मी उभी राहते."

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग बरंय," त्या म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या.

पाळी संपायच्या आधीच माझी रिलिव्हर, मैत्री, एप्रन बांधत आली. "निघा ताई."

मी तिला सगळं सांगितलं. कुणाला कुठल्या कुशीवर ठेवलंय, कोण पाणी प्यायला कुरकुरतं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

"अहो, कळलं," ती हसली. "जुन्या ठिकाणी लई राबवलेलं दिसतंय. इथं रिलिव्हर वेळेवर येते, सवय करा. जा, चहाच्या टायमाला घरी पोचाल."

उन्हं अजून वर होती. मी पिशवी घेतली. दाराशी गेले आणि परत फिरले. खिडकीजवळच्या आजींचं पांघरूण नीटच होतं. मी ते पुन्हा नीट केलं.