आठ आठवड्यांचं पथ्य

बासेच्या कानांनी टोव्हला तीन वर्षं हैराण केलं होतं. बासे तिचा कुत्रा, जातीचा स्पॅनिएल, लोंबत्या जड कानांचा. थेंब घातले की महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तोच आंबूस वास, तेच डोकं झटकणं, दाराच्या चौकटीला कान घासत कण्हणं. शेवटी जनावरांच्या डॉक्टर लिनगोर म्हणाल्या, "कानाची नळी आतून जाड होत चाललीय. असंच राहिलं तर कापून काढावी लागेल. मला वाटतं, मूळ दुखणं खाण्यात आहे. आठ आठवडे फक्त हरणाचं मांस आणि बटाटा. दुसरा कणसुद्धा नको."

अडचण एकच होती, टोव्हच्या वडिलांची. ब्याऐंशी वर्षांचे व्हेर्नर स्ट्रुअर गावातल्या वृद्धाश्रमात राहायचे आणि दर रविवारी आपल्या पावावरची लिव्हर पेस्ट बासेला चाटवायचे. अलीकडे त्यांना विसरायला व्हायचं.

"बाबा, त्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही हं."

"पोरी, चौथ्यांदा सांगतेयस. कान त्याचे बिघडलेत, माझे नाहीत."

पाच आठवडे कान कोरडे राहिले. सहाव्या आठवड्यात, एका सोमवारी, पुन्हा लाल आणि चिकट. आदल्याच दिवशी ती बासेला घेऊन वडिलांकडे जाऊन आली होती. टोव्हने कोट चढवला आणि तडक वृद्धाश्रम गाठला.

"काय दिलंत त्याला?"

"काही नाही."

"मी कॉफी आणायला गेले तेव्हा दिलंत. खोटं बोलू नका!"

"नाही गं... मला तरी आठवत नाही."

"तुम्हाला आठवतं तरी काय आता? तुमच्या लाडापायी त्याचे कान कापायची पाळी आलीय. यापुढे आणणारच नाही मी त्याला."

व्हेर्नर आपल्या हातांकडे बघत राहिले. "मग दिलं असेल मीच," ते हळूच म्हणाले.

पुढचे चार रविवार ती एकटीच गेली. त्यांनी बासेचं नावही काढलं नाही. हवापाण्याचं तेवढं बोलले.

कान काही सुधारेनात. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. खाऊ? नाही. गोळ्या? नाही. "त्याचे दात कशाने घासता?"

"त्याच्याच पेस्टने. जुनी संपली म्हणून मध्यंतरी नवी आणली..."

घरी येऊन तिने ट्यूब उजेडात धरली. कोंबडीच्या चवीची. आणली होती पाचव्या आठवड्यात. रोज रात्री ती स्वतःच्या बोटाने त्याच्या दातांना लावत होती. टोव्हने ट्यूब कचऱ्यात टाकली.

ती पेस्ट बंद झाली आणि कान पुन्हा कोरडे झाले. रविवारी ती बासेला घेऊन गेली.

"बाबा, चूक माझी होती. तुम्ही काहीच दिलं नव्हतं. मी नाही नाही ते बोलले तुम्हाला."

"कान वाचले ना? झालं तर मग."

बासेने शेपटी हलवत त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. व्हेर्नरनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

"कुरवाळा ना त्याला, बाबा."

"नको गं. या हातांचा भरवसा नाही. मागे एकदा दिलंय मी त्याला काहीतरी."

"नाही हो दिलंत!"

"दिलंय. तूच नाही का सांगितलंस?"

तो सगळा हिवाळा टोव्ह दर रविवारी तेच समजावत राहिली. ते मान डोलवायचे, कधी हसायचेही. बासे बिचारा पुन्हा पुन्हा खिशाशी नाक न्यायचा. हात काही बाहेर आले नाहीत.