कारणाचा रकाना

सासऱ्यांची पतपेढी आणि मी नवीन खातं उघडलं ती बँक, यांच्यात चालत सात मिनिटांचं अंतर आहे. मुलगी कडेवर असली तर नऊ. हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण त्या महिन्यात मी ते दहा-बारा वेळा चालले.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. काही ठरवायचं असलं की वहीत मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने करायचे, ही माझी कॉलेजपासूनची खोड. डावीकडे पेढी, उजवीकडे बँक. पेढीत ठेवीवर व्याज अर्धा टक्का जास्त, कर्जावर तीन टक्के कमी. पण कर्जाला दोन जामीनदार आणा. बँकेत जामीनदार नको, पगाराची चिठ्ठी पुरे. बँकेत सगळं मोबाइलवर, पेढीत पासबुक हातानं भरायचं आणि दुपारी दीड ते अडीच खिडकी बंद. बँकेत खात्यातली शिल्लक ठराविक आकड्याखाली गेली की दंड, पेढीत असला प्रकार नाही. पेढीत आपण सभासद, वर्षाच्या सभेत एक मत. बँकेत ग्राहक, टोकन घ्या आणि बसा.

हिशेब येणाऱ्या कुणालाही दिसलं असतं, की पेढी जिंकत होती. उजवीकडची शेवटची ओळ मी वहीत लिहिलीच नाही. ती अशी होती: बँकेत मला कोणी ओळखत नाही.

चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचा पगार अर्धा झाला. तो फर्निचरच्या कारखान्यात नकाशे काढतो. आधीची छापखान्यातली पक्की नोकरी सोडून तिथे गेला, तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याला म्हणाले होते, "पळत्याच्या पाठी लागू नकोस." त्यामुळे पगाराचं कळल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाबांना कळता कामा नये." भाडं, मुलीच्या पाळणाघराचे पैसे, दूध, औषधं. अर्ध्यात हे बसत नव्हतं. लग्नाआधी शाळेत शिकवत असताना साठवलेली माझ्या नावाची ठेव होती, बाबांच्याच पेढीत. ती मोडून महिन्याला थोडी थोडी खायची, एवढाच उपाय होता.

पण पेढी म्हणजे बाजारातल्या कारागिरांची. लाकडी जाळी, जाळीमागे बाबा, पेढीचे हिशेबनीस. त्यांना सगळे टिपकागद म्हणतात, कारण अजूनही ते शाईच्या पेनानं लिहितात आणि प्रत्येक ओळीवर टिपकागद दाबतात. जाळीपुढे रांग, आणि रांगेतल्या मागच्याला पुढच्याचं सगळं ऐकू येतं. तिथे मी दर महिन्याला जाऊन ठेवीतले पैसे काढणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बँकेत भिंतीतलं यंत्र पैसे देतं आणि यंत्राला सासरे नसतात.

बाबा डोळे तपासायला गेले होते तो दिवस मी मुद्दाम निवडला. खिडकीवर त्यांची मदतनीस मुलगी होती. खातं पूर्ण बंद करायचं तर सभासदत्वाचा राजीनामा द्यावा लागतो, तिनं फॉर्म दिला. नाव, खातेक्रमांक, सही. आणि कारण.

"ते रिकामं ठेवू नका हं ताई," ती म्हणाली. "आणि 'वैयक्तिक' असं पण लिहू नका. काका परत पाठवतात."

'घरखर्च' लिहिलं असतं तर संपलं होतं. खरं होतं ते. पण माझ्या मागे शिलाईवाल्या मावशी उभ्या होत्या, आमच्याच गल्लीतल्या, आणि त्यांची नजर कागदावर आहे असं मला वाटलं. (नंतर कळलं, त्यांना जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही.) मी लिहिलं, 'ठेव सुरक्षित वाटत नाही.'

तेव्हा मला थोडं बरंही वाटलं होतं. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या, जागरूक माणसाचं कारण वाटत होतं ते. गरजेपोटी आलेल्या बाईचं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाबांचा फोन आला.

"सूनबाई, अर्ज मिळाला."

"हो बाबा."

"विचार करून दिलायस ना?"

"हो."

"बरं. नियमाप्रमाणे राजीनामा सात दिवस फलकावर लागेल. कोणाला तू जामीन असशील, तर त्याला हरकत घ्यायला वेळ मिळावा म्हणून. रक्कम आजच बँकेत वळती करतो."

बाबा घरातलं पेढीत आणि पेढीतलं घरात कधी आणत नाहीत. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि मी सुटले म्हणून श्वास सोडला. फलकावर फक्त नाव लागत असेल अशी माझी समजूत होती.

सोमवारी साडेदहाला मुलीला घेऊन मी बाजारात गेले. पेढीच्या दारातून रांग बाहेर आली होती आणि वळून चपलांच्या दुकानापर्यंत पोचली होती. एवढी रांग मी तिथे कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, लाभांश वाटतायत.

"आल्या बघा!" रांगेतून कुलूपवाल्याचा आवाज आला. त्याचं किल्ल्या बनवण्याचं टपरीवजा दुकान आहे. "टिपकागदांच्या सूनबाई. आता काय राहिलंय काढायचं? खुर्च्या?"

दोघं-तिघं हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय."

मी फलकाकडे पाहिलं. बाबांचं गोल, ठसठशीत अक्षर. माझं नाव, खातेक्रमांक, आणि खाली 'कारण: ठेव सुरक्षित वाटत नाही.' एक मात्रा इकडची तिकडे नाही. अठ्ठावीस वर्षं ते असंच उतरवून काढत आलेत, आणि सुनेचं आहे म्हणून त्यांनी एक शब्द सौम्य केला नव्हता.

शिलाईवाल्या मावशी रांगेत मधेच होत्या. त्यांनी माझा हात धरला. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"बरं झालं बाई तू लिहिलंस," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही अडाणी. तू शिकलेली, त्यातून घरातली. तुला आतलं कळतं. नाहीतर आम्ही बसलो असतो विश्वासानं."

मी म्हटलं, "मावशी, तसं काही नाहीये. पेढीला काही झालेलं नाही. तुम्ही नका काढू पैसे."

"मग तू का काढलेस?"

साधा प्रश्न. पण तो त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारला, आणि शिलाईच्या मशीनवर बोलून बोलून त्यांचा नेहमीचा आवाज मोठा झालाय. सगळ्या रांगेनं तो ऐकला.

"बँकेत जरा सोय जास्त आहे," मी म्हटलं. "मोबाइलवर सगळं..."

"सोय वेगळी आणि सुरक्षित वेगळं ना हो?" कुलूपवाला म्हणाला. "मी चौथी नापास, पण कुलपाचा धंदा आहे माझा. एवढा फरक मला कळतो." मग त्याचा आवाज उतरला. "आज माझ्या मशीनचं कर्ज मिळणार होतं. अकराला. आता टिपकागद म्हणतात, आधी ठेवीदार, मग कर्ज. ह्या रांगेनंतर गल्ल्यात काय उरणार, सांगा ना. तुम्हाला आतलं कळतं."

मुलगी माझा पदर ओढत "आबा, आबा" करत होती. दारातून जाळी दिसत होती. बाबा नोटा मोजत होते, टिपकागद दाबत होते, "या, पुढचे" म्हणत होते. आवाज नेहमीसारखाच. त्यांनी बाहेर पाहिलं नाही. मला घरी जायचं होतं. खरं सांगते, मी वळलेसुद्धा, चपलांच्या दुकानापर्यंत गेले. तिथे रांगेचं शेवटचं माणूस होतं, एक कॉलेजातली मुलगी. ती पुढच्याला म्हणत होती, "हिशेबनिसाच्या घरच्यांनीच काढले म्हणजे त्याला नक्की माहीत असणार. बघा, सुनेला आधी सांगितलं."

म्हणजे आता बाबा चोर झाले होते.

मी परत दाराशी आले. हळू बोलून चाललं नसतं, म्हणून मोठ्यानं बोलले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्या नवऱ्याचा पगार अर्धा झालाय. चार महिने झाले. घरात पुरत नाही. ठेव मोडून खायची होती, आणि इथे मोडली तर तुम्हा सगळ्यांना कळलं असतं. म्हणून बँकेत नेली. फॉर्मवर लिहिलं ते खोटं आहे. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं."

आत नोटा मोजायचं थांबलं.

मला वाटलं होतं, आता कुलूपवाला टोमणा मारेल. पण मावशीच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बघू नये म्हणून? अगं, दोन वर्षांपूर्वी ह्याच खिडकीवर मी माझी ठेव मोडली, मुलाच्या ऑपरेशनला. तू माझ्या मागेच उभी होतीस."

मला ते आठवत नव्हतं. मी कधी पाहिलंच नव्हतं त्यांच्याकडे.

काही जण रांगेतून निघून गेले. बरेच थांबले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्या दिवशी खोटं लिहिलं, तर आज खरं बोलतायत कशावरून?" मावशींनीही पैसे काढलेच. "तुझ्यावर राग नाही," त्या पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "पण एकदा मनात पाल चुकचुकली ना, की मग नाही राहवत." सव्वाला गल्ला संपत आला. कुलूपवाल्यानं मशीनवाल्याला फोन करून महिनाभर थांबायला सांगितलं. बोलताना तो एकही विनोद करत नव्हता.

दीडला खिडकी बंद झाली. बाबा बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसले. मुलगी त्यांच्या मांडीवर चढली. त्यांच्या बोटांना शाई होती, म्हणून त्यांनी तिला मनगटांनीच धरलं.

"चार महिने?"

"हो."

"त्यानं मला सांगितलं नाही, ते समजतं. मीच त्याला बोलायला तोंड ठेवलं नाही." त्यांनी मान फलकाकडे वळवली. "मी लोकांची किती कारणं उतरवली असतील. दारू, जुगार. एकानं लिहिलं होतं, 'बायकोला कळू नये म्हणून'. बायको दुसऱ्या दिवशी इथे हजर." ते हसले नाहीत. "तुझं वाचलं तेव्हा मला वाटलं, ही शिकलेली आहे. हिला काहीतरी दिसलं असेल, जे मला दिसलं नाही. शनिवार-रविवार मी सगळा ताळेबंद पुन्हा काढला. प्रत्येक कर्ज, प्रत्येक जामीन. कुठे चुकलो ते शोधत होतो."

मी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"बाबा, तो कागद काढून टाका ना."

"नाही काढता येत. सात दिवस नियम आहे." ते उठले. "शुक्रवारपर्यंत राहील."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "बाबांना कळलं? कोणी सांगितलं?" "मी. रांगेसमोर." तो उठून बाबांच्या घरी गेला.

मंगळवारपासून मी फलकाखालच्या बाकावर बसायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. खिडकी उघडण्याआधी मुलीला पाळणाघरात सोडायचं आणि येऊन बसायचं. जो कोणी थांबून तो कागद वाचेल, त्याला सांगायचं, की ते मी लिहिलं, ते खोटं आहे, आणि खरं काय आहे. पहिल्या दिवशी एकोणीस जण. सवय होईल असं वाटलं होतं. एकोणिसाव्याला सांगतानाही पहिल्याइतकीच लाज वाटली.

गुरुवारी एक अनोळखी बाई आली, हातात नवं कोरं पासबुक. ओठ हलवत तिनं कागद वाचला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोणी लिहिलंय हो?"

"मी."

"एवढं उघड सांगताय, मग खरं असणार," ती म्हणाली आणि पासबुक पिशवीत टाकायला लागली.

"थांबा," मी म्हटलं. "बसा जरा. माझ्या नवऱ्याचा पगार अर्धा झालाय."

जाळीमागे बाबांचं पेन थांबलं होतं. बाई बाकाच्या टोकाला टेकली, आणि मी पुढचं सांगू लागले.