पहिली बादली

ताराचंदजींनी गॅलरीच्या कठड्यावर पोट टेकवलं, मान खाली घातली आणि नालीत टॉर्च मारला. पहाटेचं पाणी वाहत होतं. फेस नाही, मळ नाही, केसांचा गुंता नाही. तळमजल्याच्या न्हाणीतून निघालेलं नितळ पाणी बिल्डिंगला वळसा घालून खुशाल नालीच्या काळ्या गाळात मिसळत होतं.

"थू," ताराचंदजी म्हणाले, पण थुंकले नाहीत. गॅलरीतून थुंकू नये हा ठराव त्यांनीच मांडलेला होता.

आत येऊन त्यांनी बायकोच्या पांघरुणाचं टोक ओढलं.

"चालू झालं बुढीचं. गरम पाणी येईस्तोवर नळ सोडून बसते. रोज बादलीभर चांगलं पाणी नालीत. मले त मळमळते हे पाहून."

"मग पाहता काहून?" कांताबाई पांघरुणातूनच म्हणाल्या.

ताराचंदजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत कालवेच्या कालवे झिरपून गेले, तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. पण पेन्शन सुरू झाल्यापासून थेंब वाया गेलेला त्यांना सोसेना. जरीपटक्यातल्या गुंजन अपार्टमेंटचे ते सेक्रेटरी होते. गच्चीवर सोलर हीटर होता. त्याच्यापासून एक पाइप निघून भिंतीतून खाली उतरत होता आणि एकावर एक असलेल्या चार घरांना गरम पाणी देत होता. सगळ्यात वर नूपुर मॅडम, त्यांच्याखाली विक्की, मग ताराचंदजी आणि तळाशी प्रयागबाई. रात्रभरात पाइपातलं पाणी गार पडायचं. ते निघून गेल्याशिवाय मागचं गरम पाणी येणार कसं? पण ताराचंदजींच्या नळाला पहिल्या मगातच वाफा येत. याचं श्रेय ते स्वतःला देत. कांताबाईंची जुनी नऊवारी फाडून, सुतळी आवळून, त्यांनी आपल्या न्हाणीतला हातभर पाइप स्वतः गुंडाळला होता. शिवाय नळ उघडायची एक पद्धत होती. अर्धा आटा फिरवायचा, थांबायचं, मग उरलेला अर्धा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांनी हे सगळ्यांना करून दाखवलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या, कारण पुढे नाश्ता होता.

प्रयागबाई मात्र त्या भाषणालाही नव्हत्या. नरखेडकडच्या एका खेड्यातून मुलानं आणून त्यांना इथं ठेवलं आणि तो पुण्याला निघून गेला. गुडघे धरलेले, बोलणं कमी. पाणी का सोडता, असं ताराचंदजींनी त्यांना कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काय, दिसतच होतं.

त्या रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. जिने चढवत नाहीत म्हणून प्रयागबाई आल्या नाहीत, त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला. तळमजल्याचा गरम पाण्याचा कॉक सकाळी आठपर्यंत बंद ठेवायचा. अधिक सुरक्षेसाठी ताराचंदजींनी तो आठनंतरही बंदच ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाली कोरडी होती. ताराचंदजींनी टॉर्च मारून ती दोनदा पाहिली आणि समाधानानं न्हाणीत शिरले. अर्धा आटा फिरवला. थांबले. उरलेला अर्धा फिरवला. पहिला मग भरला. त्यांनी बोट घातलं आणि काढून घेतलं. दुसरा मग भरला, तिसरा भरला. बादली काठोकाठ आली, तरी पाणी विहिरीतून शेंदल्यासारखं गार. उघड्या अंगानं, दात वाजवत, ते गुंडाळलेल्या नऊवारीकडे बघत उभे राहिले.

जिन्यात विक्की भेटला. हा कुठल्याशा कंपनीत एसी दुरुस्त करायचा.

"काका, आज पाणी थंड काहून?"

"सोलरची काच मळली असेल. पुसून घेतो."

"काच नाही काका. रोज आजी सगळ्यात पहिले पाइप खाली करत होती. म्हणून आपल्याले लगेच गरम भेटत होतं. आता जो पहिले उघडंल त्याच्या वाट्याले थंड."

"असं काही नसते," ताराचंदजी म्हणाले, आणि काच पुसायला वर गेले. काच स्वच्छ होती. तरीही त्यांनी ती पुसली.

आता बादलीभर गार पाणी ताराचंदजींच्या पदरी पडू लागलं. ते ओतून देणं शक्य नव्हतं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक मोरीवर ज्याचा डोळा, त्याच्या मोरीवर बिल्डिंगचा डोळा. त्यांनी त्या पाण्यानं फरशी पुसली. गॅलरीतल्या तुळशीला घातलं, ती कुजली. मोटारसायकल धुतली, पुन्हा फरशी पुसली. घरातली सगळी पातेली भरून झाली, तेव्हा कांताबाईंनी पोह्याचं पातेलं शोधायला सुरुवात केली आणि ते पलंगाखाली भरलेलं सापडलं.

"आता एक थेंब घरात साठवाचा नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगून राहिली."

तेव्हापासून ताराचंदजी वाट पाहू लागले. वरच्यांपैकी कोणी आधी नळ उघडला की आपल्याला आयतं गरम मिळेल, हा सरळ हिशेब. वरचेही तोच हिशेब करत होते. नूपुर मॅडम विक्कीची वाट पाहत, विक्की ताराचंदजींची. पहाटे तिन्ही न्हाण्यांत माणसं टॉवेल लावून भिंतीला कान देऊन उभी असत. पाइपात आवाज नाही. मग एकेक दार हळूच उघडे, आणि लोक तोंडावर हात फिरवून कामाला लागत.

"काका, झाली का आंघोळ?" विक्की जिन्यात विचारायचा.

"केव्हाच. तुझी?"

"माझी त तुमच्याही पहिले."

दोघंही एकमेकांपासून दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून बोलत. जिन्यात आता एक वास राहायला आला होता. आंबट घाम, त्यावर शिंपडलेला डिओ, त्यावर चमेलीचं तेल आणि तळाला पायमोज्यांची बारीक कुबट झाक. नूपुर मॅडम ओढणी नाकाला लावून उतरत. आपण कोणाच्या वासासाठी लावली आहे हे त्या स्पष्ट करत नसत. ताराचंदजींच्या शर्टाची कॉलरपट्टी पिवळी झाली, मग तांबूस. काखेत खाजवून झाल्यावर नख हुंगायची त्यांना सवय लागली. हुंगलं की शिसारी यायची, आणि शिसारी आली की डोळ्यांसमोर प्रयागबाई यायच्या. इतक्या माणसांचे हे हाल एका बाईच्या उधळेपणानं झाले, असं त्यांना मनापासून वाटे.

अखेर कांताबाईंनी पलंगावरची त्यांची उशी उचलून समोरच्या खोलीत नेऊन ठेवली.

"काहून वं?"

"पोह्याच्या पातेल्याले वास येऊन राहिला असं वाटलं होतं मले. पातेलं नव्हतं ते."

त्याच संध्याकाळी ताराचंदजींनी पान्हा घेऊन तळमजल्याचा कॉक उघडला. माघार म्हणायचं नाही. माणुसकी म्हणायचं, असं जिन्यातच ठरवून त्यांनी प्रयागबाईंचं दार वाजवलं.

प्रयागबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अंगावर दोन स्वेटर, डोक्याला मफलर.

"या ना भाऊ. बसा."

ताराचंदजी दाराजवळच उभे राहिले. आपला वास आपल्याला ठाऊक होता.

"मावशी, तो न्हाणीतला गरम नळ चालू करून देला. उद्यापासून पहिलेसारखं चालू द्या तुमचं. म्हातारं माणूस, थंडीचे दिवस. आम्हाले पटलं नाही तुमचे हाल होणं."

"कोणता नळ?"

"लाल ठिपक्याचा."

"तो गा. बंद पडला होता. मले वाटलं बिघडला." त्यांनी एक शेंग नखानं फोडायचा प्रयत्न केला. बोटांची पेरं सुजून निळसर झाली होती, नख लागेना. त्यांनी शेंग दातात धरून फोडली. "पण हाल कायचे? थंड ते थंडच. या नळाचं का त्या नळाचं. साध्या नळाले पाणी उशिरा येते, तवा उशिरा न्हात होती एवढंच."

"थंड?"

"खाली कुठं येते गरम? वरच्या वरच संपून जाते. पोरगा बोलला होता, माय, लाल वाला उघडत जा. मी रोज उघडून पाहते. बादली भरते, हात घालून पाहा त थंडगार. मग नळ बंद करून तेच घ्याचं अंगावर."

"तेच पाणी? सगळं?"

"एका बादलीत होते माही आंघोळ. दुसरी कायले पायजे?"

"अन् साबण?" ताराचंदजींनी जरा जोरात विचारलं, जणू शेवटची आशा तिथं होती.

"साबणानं अंग तडतडते थंडीत. फडक्यानं घासलं का झालं."

म्हणजे नालीतलं ते नितळ पाणी हिच्या आंघोळीचं होतं तर. न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं. आत लाल ठिपक्याचा नळ, त्याखाली निळी बादली. सांगायचं होतं ते एवढंच, की मावशी, बादली भरली की नळ बंद करू नका. ती बाजूला सारा अन् दुसरी लावा. त्यात गरम येते. एका दमात सांगून होण्यासारखं होतं. त्यांनी तोंड उघडलंही.

पण मग बाजूला सारलेल्या बादलीचं ही बाई करणार काय? ओतणारच. आणि मी सांगितलं म्हणून ओतणार. ताराचंदजींनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"एका बादलीत होते, हे लय चांगलं आहे मावशी. पाणी वाया नाही घालवत तुमी."

प्रयागबाईंचा चेहरा उजळला. बिल्डिंगमध्ये आल्यापासून कोणी त्यांच्याबद्दल चांगलं बोललेलं नव्हतं.

"आमच्याकडे पाण्याची कदर आहे भाऊ."

"उठता कधी?"

"कोंबडं आरवायच्या टायमाले. सवय आहे."

"तोच टाइम ठेवा. बदलू नका."

"घ्या," म्हणत त्यांनी सोललेले ओंजळभर दाणे ताराचंदजींच्या हातात ओतले. त्यांची बोटं तळव्याला लागली, तेव्हा ताराचंदजींनी हात पटकन मागे घेतला. बर्फासारखी होती.

वर आले तेव्हा कांताबाई सोफ्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी आधी नाक वळवलं, मग तोंड.

"झालं काय?"

"झालं. उद्यापासून गरम पाणी. पाइपाची सेटिंग केली."

"अन् ती बाई? तिले कॉक उघडला ते सांगितलं ना? खूश झाली असंल बिचारी, गरम पाणी भेटते म्हणून."

ताराचंदजी खुर्चीवर बसले.

"तिले गरम नाही चालत," ते म्हणाले. "थंडच मानवते."

"या थंडीत?"

ताराचंदजींनी मुठीतले दाणे एकदम तोंडात टाकले आणि हळूहळू चावू लागले.

"गोड आहेत," ते म्हणाले.