गळ्यातली पिशवी

“पासपोर्ट!” बसमध्ये चढलेल्या पोलिसानं हात पुढं केला.

वीरण्णानं सदऱ्यात हात घालून गळ्यातली पिशवी बाहेर ओढली आणि पासपोर्ट दाखवला. पोलीस पुढच्या बाकाकडे सरकला. पासपोर्ट परत पिशवीत कोंबून वीरण्णानं सवयीनं छातीवरून हात फिरवला. हाताला एकच पिशवी लागली. त्यानं गळा चाचपला, पोटापर्यंत हात नेला, बाकाखाली वाकून पाहिलं.

“काय हो, काय हरवलं?” शेजारचा शेषेराव म्हणाला. हा नांदेडकडचा गवंडी. सकाळी सलालाला बसमध्ये चढताना मराठी ऐकून ओळख झालेली.

“लिंग, शेषेराव. माझं लिंग न्हाई गळ्यात!”

लिंगायत रिवाजाप्रमाणे जन्माच्या बाराव्या दिवशी गावच्या स्वामींनी गळ्यात बांधलेलं ते इष्टलिंग चौतीस वर्षांत अंगावेगळं झालं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात रेणापूरला हंडाभर पाण्यासाठी मारामाऱ्या चालायच्या, तेव्हाही अप्पा आधी पळीभर पाणी लिंगपूजेसाठी बाजूला ठेवत आणि पूजा झाल्याशिवाय पोरांना घोटही घेऊ देत नसत. लिंग गेलं तर अन्नपाणी बंद, हे वीरण्णाला चालता येण्याआधीपासून ठाऊक. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली तो ओमानला आला, पंप दुरुस्त करायला. काय थट्टा म्हणावी! इथं वाळवंटात तो पाणी काढून देत होता आणि गावाकडं पुन्हा विहिरी आटल्या होत्या.

चूक कुठं झाली, ते त्याला लगेच आठवलं. एक तासापूर्वी बस जेवायला थांबली होती. सकाळी कंपनीच्या कारकुनानं पासपोर्ट देताना इतका घोळ घातला की पूजा राहूनच गेली. मग हा बाबा हॉटेलमागच्या नळापाशी बसला. पासपोर्ट भिजू नये म्हणून तीही पिशवी काढून कट्ट्यावर ठेवली. पूजा करून लिंग फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवलं, तोवर ड्रायव्हरनं हॉर्नचा सपाटा लावलेला. घाईत पासपोर्टची तेवढी गळ्यात घातली गेली, लिंगाची कट्ट्यावरच राहिली. दोन्ही पिशव्या त्यानंच एका धोतरातून शिवलेल्या. गळ्याला ओझं लागत होतं, म्हणून गडी निवांत केळी खाऊन झोपला!

तो धावतच ड्रायव्हरकडे गेला. ड्रायव्हर बलुची होता, त्याला उर्दू येई. वीरण्णाची निजामी वळणाची उर्दू कामाला आली.

“पीछे? सत्तर किलोमीटर?” ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. “भाई, पूरी गाडी भरी है।”

चौकीवरच्या पोलिसानं समोर बोट दाखवलं. मागच्या दिशेनं निघालेला पाण्याचा टँकर उभा होता. त्यात बसून जाता येईल, ड्रायव्हर म्हणाला, पण मस्कतची बस मग उद्याच.

उद्या! विमान आज रात्रीचं होतं आणि पुढची जागा आठ दिवसांनी. तार येऊन तीन दिवस झालेले: अप्पा सीरियस, लवकर ये.

वीरण्णा खाली उतरला. शेषेराव त्याच्यामागं दारात आला.

“उगं येड्यावानी करू नका. स्वामी दुसरं लिंग बांधतील. दुसरा बाप कोण देईल?”

“तुमाला काय कळतंय त्यातलं!” वीरण्णा खेकसला. “अप्पांम्होरं कसल्या तोंडानं उभा राहू?”

“आधी उभे तर राहा. गेल्यावर कुणाम्होरं उभे राहनार?”

टँकरवाला हॉर्न वाजवत होता. बसवालाही. वीरण्णा टँकरकडे पंधरा-वीस पावलं गेला, थांबला, पुन्हा चार पावलं गेला. कुणाला विचारावं, तर सगळा मुलूख परका. अखेर तो वळला आणि बसमध्ये येऊन बसला. दार लागलं, तसा हुंदका फुटला. भरल्या गाडीत तो लहान पोरासारखा रडला.

शेषेरावनं पाण्याची बाटली पुढं केली. वीरण्णानं ती परत सारली. विमानात आलेलं ताट तसंच परत गेलं. मुंबईहून एस.टी.त बसला, तेव्हा जीभ टाळ्याला चिकटत होती. दुसरं लिंग गळ्यात पडेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. घरी गेल्या गेल्या स्वामींना बोलवायचं.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. अप्पा खाटेवर, निम्मे झालेले. उशाशी आई, पार्वतम्मा, वाटीत पातळ भात घेऊन बसलेली.

“परवापासून वाटी हातात घेऊन बसले मी,” आई म्हणाली. “पोरगं येऊन जेवल्याबिगर जेवनार न्हाई म्हनायलेत.”

अप्पांनी डोळे उघडले. त्याला ओळखलं.

“पूजा झाली का रे?”

स्वामी राहत गावाच्या दुसऱ्या टोकाला. बोलावून आणायला घटकाभर तरी जाणार होती. वीरण्णानं बापाच्या छातीचा भाता पाहिला.

“झाली, अप्पा.”

अप्पांनी वाटीत बोटं घातली. हात कसाबसा वर आला, निम्मा भात चादरीवर सांडला. उरलेला घास वीरण्णानं वाकून तोंडात घेतला. कोरड्या घशातून तो उतरता उतरेना. तरी त्यानं गिळला.

मग वाटी हातात घेऊन त्यानं अप्पांना भरवायला सुरुवात केली.